मैदान सुटले, संघ सुटत नाही

गावातील जुन्या पेढीच्या पाटीवर पणजोबांचे नाव असते. गादीवर पणतू बसलेला असतो, मुनीम बदललेला असतो, रोजमेळ वहीतून संगणकात गेलेला असतो. पूर्वी जिथे तुरीचे नमुने ताटलीत ओतून पारखले जात, तिथे आता कदाचित औषधांचे घाऊक दुकान असते. तरीही बाजारात त्या पेढीचा उल्लेख जुन्याच नावाने होतो आणि पुण्याला किंवा परदेशी स्थायिक झालेला त्या घरातला माणूस तिला ‘आमची पेढी’ असेच म्हणतो. त्याच्या काळातले तिथे नेमके काय उरले आहे, हे त्याला कोणी विचारत नाही. तोही स्वतःला विचारत नाही.

शाळेच्या क्रीडासंघाचे काहीसे असेच असते. फरक इतकाच की तिथे पिढी फार लवकर पालटते. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा वयोगटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय, अशा पायऱ्या चढत संघ जातो. वयाची मर्यादा ओलांडली की उत्तमातला उत्तम गोलरक्षकही त्या संघाचा राहत नाही. तीन-चार वर्षांत संघातला एकही जुना चेहरा शिल्लक नसतो. शाळेचे नाव तेच, सदऱ्याचा रंग तोच, मैदानाच्या कडेचे लिंबाचे झाड तेच. पण त्या सदऱ्यात धावणारी मुले सर्वस्वी नवी. संघातला एकच माणूस दीर्घकाळ टिकतो आणि तो म्हणजे क्रीडाशिक्षक. आणि कधीकधी तोही निघून जातो.

जाण्याची कारणे साधी असतात. आखाती देशातल्या एखाद्या भारतीय शाळेत बऱ्या पगाराची नोकरी मिळते. निवृत्तीनंतर अमेरिकेतला मुलगा ‘आता इकडेच या’ म्हणतो. माणूस जातो, परंतु चित्त मागे राहते. मग जुन्या शाळेचा सामना असला की एखादा पालक मैदानाच्या कडेला उभा राहून मोबाईलवर तो दाखवतो आणि हजारो कोसांवर हा माणूस तो पाहत बसतो. ऑगस्ट महिन्यात मराठवाड्यात दुपारी चार वाजता शिट्टी वाजली, तर दुबईत अडीच वाजलेले असतात, लंडनला साडेअकरा, न्यू यॉर्कला सकाळचे साडेसहा आणि सॅन फ्रान्सिस्कोला पहाटेचे साडेतीन. पहाटे साडेतीनला उठून, घरातल्यांची झोपमोड नको म्हणून आवाज बंद करून, ज्या मुलांना आपण कधी शिकवलेच नाही त्यांचा खेळ पाहणारा माणूस बाहेरून विचित्र वाटतो. परंतु ज्यांनी परमुलखात राहून सकाळी चहाआधी लातूर-बार्शीच्या बाजारातला सोयाबीनचा भाव पाहिला आहे, त्यांना तो मुळीच विचित्र वाटणार नाही.

प्रश्न हा आहे की या दूरच्या पाहण्याचा मैदानावरच्या मुलांना काही उपयोग होतो का. आणि झालाच, तर कोणत्या रीतीने पाहिल्याने होतो.

महाराष्ट्रात फुटबॉल म्हटले की कोल्हापूर आणि मुंबई ही नावे पुढे येतात. धाराशिवसारख्या जिल्ह्यात हा खेळ शाळांच्या अंगणातच अधिक दिसतो. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभरातल्या मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा, असा मोठा उपक्रम शासनाने राबवला होता. निमित्त होते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे. त्या स्पर्धेत भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. संघाचे प्रशिक्षक होते पोर्तुगालचे लुईस नॉर्टन दि मातोस. स्पर्धेला काही महिनेच उरले असताना त्यांच्या हाती हा संघ आला. भारताने दिल्लीत तीन सामने खेळले आणि तिन्ही गमावले. अमेरिकेकडून ०–३, कोलंबियाकडून १–२ आणि घानाकडून ०–४. मात्र कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने केलेला गोल हा फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषकातला भारताचा पहिला गोल ठरला. पुढे त्यांतली बरीचशी मुले ‘इंडियन ॲरोज’ या तरुण संघातून आय-लीगमध्ये खेळली. त्यांचे प्रशिक्षकपदही मातोस यांच्याकडेच होते. पण हंगाम संपण्याआधीच, २०१८ च्या आरंभी, व्यक्तिगत कारणास्तव त्यांनी ते सोडले.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचा संघ आणि त्यांना घडवणारा माणूस यांच्यामध्ये असा अर्धा पृथ्वीगोल येऊन उभा राहिला. मुले थांबली नाहीत. अनिकेत जाधव पुढे इंडियन सुपर लीगमध्ये जमशेदपूर आणि हैदराबाद या संघांकडून खेळला. गुरू दूर गेला म्हणून खेळ संपत नाही, हे यातून दिसते. पण त्या मुलांच्या मागे राष्ट्रीय महासंघ होता, निवासी शिबिरे होती, आहार ठरवणारे तज्ज्ञ होते. जिल्ह्याच्या शाळेतल्या मुलामुलींच्या मागे असे काहीच नसते. तिथे क्रीडाशिक्षक हाच महासंघ, तोच आहारतज्ज्ञ आणि पुष्कळदा तोच पालक. तो गेला, की जाते ते केवळ शिकवणे नव्हे. हे नीट समजण्यासाठी धाराशिव जिल्ह्याच्या मातीतलेच एक उदाहरण पाहणे इष्ट ठरेल. आणि ते फुटबॉलचे नसून खो-खोचे आहे, कारण या मातीने आपले खरे मोठेपण त्या खेळात दाखवले आहे.

कुंथलगिरीच्या यात्रेला जाणाऱ्या कुटुंबांना हा मुलूख परका नाही. भूम, परंडा, कळंब, वाशी, तुळजापूर, उमरगा, लोहारा आणि धाराशिव अशा आठ तालुक्यांचा, पावसाच्या लहरीवर जगणारा हा जिल्हा. उस्मानाबाद हे त्याचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे पालटून धाराशिव झाले. इथल्या खो-खोला ना गवताचे मैदान लागते, ना महाग साहित्य. दोन खांब, चुन्याच्या रेषा आणि धावणारे पाय असले की खेळ उभा राहतो.

सारिका काळे या याच शहरातल्या. वयाच्या तेराव्या वर्षी काकांनी त्यांना मैदानावर नेले आणि तिथून त्यांचा खेळ सुरू झाला. घरची परिस्थिती बेताची नव्हे, बिकट होती. आई शिवणकाम करी; घराचा मुख्य आधार आजी-आजोबांच्या कमाईचा. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर झाल्यावर दिलेल्या मुलाखतीत त्यांनी जे सांगितले, ते वाचून अनेकांचा घास घशात अडकला असेल. खेळाच्या उमेदीच्या काळात जवळजवळ दहा वर्षे त्यांना दिवसातून एकच वेळ जेवण मिळत असे. पोटभर आणि सकस अन्न मिळे ते प्रशिक्षण शिबिरासाठी किंवा स्पर्धेसाठी बाहेर गेल्यावर.

ज्या जिल्ह्याच्या बाजार समित्यांत तूर, हरभरा आणि उडदाची पोती छतापर्यंत रचलेली असतात, त्याच जिल्ह्यातली एक मुलगी एका वेळच्या जेवणावर धावत होती. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. कोणाला ते ठाऊकच नव्हते. मैदानावर जो पळतो तो सशक्तच असणार, असे पाहणारा गृहीत धरतो. वेगाने पळणाऱ्या मुलीच्या पोटात काय आहे, हे प्रेक्षकाला दिसत नाही. मोबाईलच्या पडद्यावर तर ते दिसणे अशक्यच.

२०१६ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोन टोकांचे ठरले. त्या वर्षी फेब्रुवारीत गुवाहाटी आणि शिलाँग येथे बाराव्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. खो-खोचा त्यांत प्रथमच समावेश झाला होता. सारिका काळे यांच्या नेतृत्वाखालील भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. आणि त्याच वर्षी घरच्या आर्थिक ओढाताणीला कंटाळून त्यांनी खेळ सोडण्याचे ठरवले होते. त्यांचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी पुढे सांगितले की, मुलीने स्वतःला खोलीत कोंडून घेतले आहे, हे त्यांना तिच्या आजीकडून कळले. त्यांनी तिची समजूत घातली, तिला धीर दिला, आणि ती पुन्हा मैदानावर आली. त्यांच्या मते तिच्या कारकिर्दीला खरे वळण मिळाले ते तिथेच.

या प्रसंगात थांबून पाहण्याजोगी गोष्ट आहे ती आजीची. त्या माउलीला त्या क्षणी आठवला तो क्रीडाशिक्षक. खेळातल्या डावपेचांचा हा प्रश्न नव्हता. घरातला, पैशाचा आणि निराशेचा प्रश्न होता. तरीही आजीने जाधव यांना सांगितले, कारण हा माणूस गावात आहे, ओळखीचा आहे, आणि आपल्या नातीचे भले त्याला हवे आहे, इतके तिला ठाऊक होते. हा विश्वास एका दिवसात मिळत नाही. रोज संध्याकाळी मैदानावर उभे राहिल्याने, पाऊस आला तरी आल्याने, हरल्यावरही दुसऱ्या दिवशी आल्याने तो जमतो. व्यापारी भाषेत सांगायचे, तर ही पत आहे. आणि पत ही नित्य व्यवहारातूनच उभी राहते.

दूरदेशी गेलेल्या प्रशिक्षकाला जे कधीच करता येणार नाही, ते हेच. त्याला सामना दिसेल; कोंडलेले दार दिसणार नाही. गोल कोणी केला हे कळेल. सरावाला चार दिवस कोण आले नाही हे कळणार नाही. म्हणूनच दुरून प्रेम करणाऱ्याने पहिली गोष्ट मान्य करायला हवी ती ही, की जे सर्वांत महत्त्वाचे असते तेच त्याच्या पडद्याबाहेर घडते. ही मान्यता कडू असली तरी तिच्यावाचून पुढचे काही नीट होत नाही.

याच्या विरुद्ध वागण्याची उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. परदेशातून सामना पाहणारे जुने गुरुजी न राहवून एखाद्या पालकाला संदेश पाठवतात, ‘तो उजवीकडचा मुलगा तिथे का खेळतो आहे?’ हेतू चांगला असतो. पण संध्याकाळपर्यंत तो संदेश सगळ्या पालकांच्या गटात फिरतो. दुसऱ्या दिवशी नवा शिक्षक मैदानावर येतो तेव्हा मुले त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात. त्याची आज्ञा आता अंतिम उरलेली नसते. तिच्यावर दूर कुठेतरी अपील करता येते. पुढच्या सामन्यात मुले शिट्टीकडे कमी आणि मोबाईल धरलेल्या पालकाकडे जास्त पाहतात.

पेढीच्या घरांना हे चित्र चांगलेच परिचित आहे. वडिलांनी चाव्या मुलाच्या हाती दिल्या, दिवाळीला वहीपूजन मुलाच्या हातून झाले, सर्वांनी पेढे खाल्ले. आणि चार दिवसांनी वडिलांनी थेट दलालाला फोन करून मालाचा सौदा ठरवला. मुनीम गोंधळतो, दलाल दोघांकडे दोन भाव बोलतो, आणि मुलगा हळूहळू निर्णय घेणेच सोडून देतो. वडिलांना वाटते, मुलात दम नाही. वास्तविक चाव्या दिल्या गेल्या होत्या, अधिकार दिलाच गेला नव्हता. दोन हात एका तराजूला लागले की माल कितीही चोख असला तरी वजन खोटेच येते.

मग दूर गेलेल्याने पाठ फिरवावी काय? तसेही नाही. गेला तो गेला, पुन्हा कधी विचारलेही नाही, अशी माणसेही असतात आणि त्यांच्या आठवणीने मुलांच्या मनात एक बारीक सल राहतो. ज्याने आपल्याला घडवले त्याला आपले काय झाले हे जाणून घ्यावेसे वाटले नाही, ही जाणीव कोवळ्या वयात जड जाते. लक्ष असणे आणि लुडबूड करणे यांच्यामधली वाट शोधावी लागते.

त्या वाटेचा एक सुंदर दाखला आफ्रिका खंडाच्या उत्तर किनाऱ्यावरचा आहे. अल्जिअर्स शहरातल्या एका गरीब वस्तीत आल्बेर काम्यू नावाचा मुलगा वाढत होता. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेलेले, आई लोकांच्या घरी साफसफाईची कामे करणारी, आणि घरात शब्द चाले तो आजीचा. प्राथमिक शाळा संपली की मुलाने कामाला लागावे, असे आजीचे मत. शाळेतले शिक्षक लुई जेर्मँ यांनी या मुलाची बुद्धी ओळखली. त्यांनी त्याला जादा शिकवले आणि स्वतः घरी जाऊन आजीची समजूत घातली. मुलगा शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसला आणि १९२४ मध्ये माध्यमिक शाळेत गेला. पुढे तो अल्जिअर्सच्या एका क्लबच्या तरुण संघाचा गोलरक्षक झाला. सतराव्या वर्षी क्षयाने गाठल्यामुळे फुटबॉल सुटला. लेखणी मात्र सुटली नाही. १९५७ मध्ये त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या गदारोळातून जरा उसंत मिळताच, १९ नोव्हेंबर १९५७ रोजी, काम्यूने आपल्या त्या जुन्या शिक्षकांना पत्र लिहून कृतज्ञता कळवली.

जेर्मँ यांचे एक पत्रही उपलब्ध आहे, एप्रिल १९५९ चे. समुद्राच्या या तीरावर म्हातारे शिक्षक, त्या तीरावर जगप्रसिद्ध शिष्य. शिष्यावर लिहिले गेलेले पुस्तक त्यांच्याकडे पोहोचलेले आहे. ते अजून त्याला लहान मुलाला हाक मारावी तशी हाक मारतात. परंतु तू काय लिहावेस, कोणाची बाजू घ्यावीस, याची आज्ञा ते करीत नाहीत. जेव्हा दाराशी जाणे आवश्यक होते तेव्हा ते दाराशी गेले. आणि जेव्हा दूर राहणे आले तेव्हा त्यांनी दूर राहूनही माया आटू दिली नाही. काम्यू पुढे थोडेच दिवस जगला. ४ जानेवारी १९६० रोजी मोटार अपघातात त्याचा अंत झाला. वेळेवर लिहिलेली ती दोन पत्रे मागे राहिली.

अल्जिअर्सची आजी आणि धाराशिवची आजी यांच्यामध्ये काळ, समुद्र, भाषा, सगळे आडवे येते. तरीही दोन्हीकडे एक शिक्षक आणि एक आजी यांच्या बोलण्यातून एका मुलाचे, एका मुलीचे आयुष्य फिरले. प्रतिभा असूनही जी मुले मागे पडतात, त्यांच्या बाबतीत हे बोलणेच झालेले नसते.

दूर असणाऱ्याच्या हाती काय उरते, त्याचा विचार आता नेमकेपणाने करता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे जवळ असणाऱ्याचे हात बळकट करणे. नव्या शिक्षकाला सल्ला देण्यापेक्षा ‘तुम्हाला काय कमी पडते?’ असे विचारणे अधिक मोलाचे. उत्तरे बहुधा अगदी साधी असतात. चुना, जाळी, दोन चेंडू, विभागीय स्पर्धेला लातूरला जाण्याचे गाडीभाडे, मुलींसोबत जायला एक शिक्षिका. यांतल्या कशावरही देणगीदाराच्या नावाची फरशी बसत नाही. म्हणूनच त्यांसाठी पैसा मिळत नाही आणि म्हणूनच तो देणाऱ्याचे मोल मोठे.

दुसरी गोष्ट अन्नाची. एका वेळच्या जेवणावर दहा वर्षे धावलेली मुलगी भारताची कर्णधार झाली, ही तिची थोरवी. पण तिच्यासोबत धावणाऱ्या आणि अर्ध्यावर गळालेल्या मुली किती असतील, त्यांची नावे कोणत्याही पुरस्काराच्या यादीत येत नाहीत. सरावानंतर मूठभर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे आणि गूळ, एक केळे, एक पेला दूध. वीस मुलींसाठी याचा रोजचा खर्च किती येतो, हे किराणा आणि भुसार मालाच्या व्यापाऱ्याला कागद न घेता सांगता येईल. गावातल्या दुकानात खाते उघडून द्यावे, माल शिक्षकाच्या सहीने जावा, हिशोब महिन्याच्या महिन्याला मिळावा. परदेशात बसलेल्या माणसालाही हे जमते. यात अट एकच. हे दोन महिने करून थांबायचे नाही. खेळाडू घडायला वर्षे लागतात, आणि मध्येच बंद पडलेला आधार मुलांना अधिक बोचतो.

तिसरी गोष्ट स्मरणाची. जुन्या शिक्षकाला दहा-वीस वर्षांतल्या मुलांची नावे, घरे, स्वभाव ठाऊक असतात. कोणता मुलगा कुठे नोकरीला लागला, कोणत्या मुलीने लग्नानंतर खेळ सोडला पण अजून शिकवू शकेल, ही माहिती म्हणजे शाळेची न लिहिलेली खतावणी. ती त्याने लिहून शाळेकडे द्यावी. नव्या मुलांना जेव्हा कळते की याच मैदानावरून अमुक ताई राज्यस्तरावर गेली होती आणि ती पलीकडच्या गल्लीत राहते, तेव्हा त्यांना उद्याचे चित्र दिसू लागते.

आणि चौथी गोष्ट मौनाची. सामना पाहावा, मनातल्या मनात तळमळावे, जिंकल्यास सर्वांचे अभिनंदन करावे, हरल्यास शिक्षकाला एकट्याला फोन करून धीर द्यावा. बाकी न विचारता काही बोलू नये. विचारले, तर मात्र हातचे राखून बोलू नये.

हे सारे खो-खोच्या नियमांतच दडलेले आहे. पाठलाग करणारा गडी मधल्या रेषेत बसलेल्या साथीदाराच्या पाठीमागे येतो, त्याला खो देतो आणि त्याच्या रिकाम्या जागी स्वतः बसतो. खो देऊनही जो धावतच राहील, त्याची ती चूक धरली जाते. खो मिळण्याआधी जो उठेल, तोही चुकतो. आणि सर्वांत अर्थपूर्ण नियम हा, की उठणारा गडी कोणत्या दिशेला धावणार हे खो देणारा ठरवत नाही. पहिले पाऊल उठणाऱ्याचे, दिशा त्याची, आणि एकदा घेतलेली दिशा खांब गाठेपर्यंत निभावण्याची जबाबदारीही त्याचीच. खो देणाऱ्याने मोठ्याने, स्पष्ट खो द्यायचा आणि बसायचे. बसणे म्हणजे खेळाबाहेर जाणे नव्हे. बसलेला गडी चवड्यांवर सज्ज असतो. खेळ फिरून त्याच्याकडे आला, तर त्याला पुन्हा उठावे लागते.

२९ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांचा सोहळा झाला तेव्हा महासाथीमुळे तो इतिहासात प्रथमच दूरस्थ पद्धतीने घ्यावा लागला. राष्ट्रपती रामनाथ कोविंद दिल्लीत राष्ट्रपती भवनात होते आणि खेळाडू देशाच्या वेगवेगळ्या केंद्रांवर पडद्यासमोर उभे होते. खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाल्याला तब्बल बावीस वर्षे लोटली होती. ती खंडित परंपरा सारिका काळे यांच्या रूपाने पुन्हा सुरू झाली. तोपर्यंत त्या तुळजापूरच्या तालुका क्रीडा अधिकारी झाल्या होत्या. ज्या मुलीला कोणीतरी पाठीमागून येऊन खो दिला होता, तिच्याच हाती आता तालुक्यातल्या मुलामुलींना खो देण्याचे काम आले.

पुढे १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, केनिया अशा देशांतले संघ मराठी मातीतला हा खेळ खेळायला उतरले. अंतिम सामन्यात भारताच्या महिलांनी नेपाळला ७८–४० असे, तर पुरुषांनी ५४–३६ असे हरवले. प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखालील त्या विजयी महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. धाराशिवहून दिल्ली दूर आहे. ज्यांनी इथल्या मुलींना धावायला शिकवले, त्यांतल्या बहुतेकांनी तो सामना घरच्या दूरचित्रवाणीवर किंवा हातातल्या मोबाईलवरच पाहिला असणार. परदेशातला प्रशिक्षक पाहतो तसाच, आवाज वाढवता येतो पण हाक मारता येत नाही अशा स्थितीत.

प्रत्येक शिक्षकाच्या, प्रत्येक आईबापाच्या वाट्याला शेवटी हेच दूरचे पाहणे येते. कोणी परदेशी जातो म्हणून, कोणाची मुले परदेशी जातात म्हणून. ते टाळता येत नाही. ते कशाने भरायचे, एवढेच हाती असते. शालेय स्पर्धांचा हंगाम दरवर्षी पावसाळ्यात सुरू होतो. जिल्ह्यातल्या कोणत्या तरी मैदानावर त्या दिवसांत एखादी मुलगी रिकाम्या पोटी खांबाला वळसा घालत असेल. गावाकडच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांना एक फोन करून ‘सरावानंतर मुली काय खातात?’ इतके जरी विचारले, तरी गाव सोडून गेलेल्या कुटुंबाचा आपल्या गावाशी असलेला संबंध पुन्हा खात्यावर आला असे समजावे.